रिकामी नसलेली डिस्क

१

“डिस्क पूर्ण रिकामी आहे, साहेब,” कोपऱ्यावरचा कॉम्प्युटर दुकानदार म्हणाला. “माझा लॅपटॉप विचारतोय, नव्यानं फॉरमॅट करू का? करून टाकतो. निदान डिस्क तरी वापरता येईल.”

“करा,” व्यवस्थापक म्हणाले. “आता वाचवायला राहिलंय काय?”

“हात मागे घे!”

आवाज दारातून आला आणि इतका चढा होता, की दुकानदारानं खरंच दोन्ही हात वर केले. दारात एक उंच, पन्नाशीची बाई उभी होती. खांद्यावर हत्यारांची पिशवी, जिना चढून लागलेली धाप आणि चेहरा रागानं लाल. ती आत आली, लॅपटॉपची वायर उपटली आणि डिस्क उचलून छातीशी धरली.

“एक बटण,” ती म्हणाली. “एक बटण दाबलं असतंस, तर शेकडो माणसांचे पाय गेले असते. दुसऱ्यांदा.”

ही ताई. लिफ्ट, छपाईची यंत्रं, एक्स-रेची यंत्रं, अशांच्या पोटात जे विचित्र, जुने, कुठल्याच दुकानात न मिळणारे कॉम्प्युटर असतात, ते दुरुस्त करणं हा तिचा धंदा. हात सोन्याचे आणि राग नाकावर, असं तिच्याबद्दल बोललं जायचं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

हा कारखाना कृत्रिम पायांचा. उरलेल्या पायाचं माप घ्यायचं, ते कॉम्प्युटरमध्ये ठेवायचं, आणि मग कोरणारी मशीन त्या मापाचा साचा कोरून काढायची. माप नखाच्या जाडीएवढं चुकलं, तरी माणसाच्या कातडीला जखम होते. इतक्या वर्षांची सगळी मापं या एका डिस्कवर होती.

आणि ती मशीन चालवायची ताईची धाकटी बहीण. घरात तिला चिऊ म्हणत. सकाळी तिनंच ताईला फोन करून बोलावलं होतं.

चिऊ आत्ता प्लॅस्टरच्या टेबलामागे भिंतीला टेकून उभी होती. डोळे कोरडे होते, पण ओठ पांढरे पडले होते.

“तुमच्या बहिणीनं सकाळी मशीन चालू केली आणि डिस्क गेली,” व्यवस्थापक म्हणाले. “शनिवारी शेवटी बंद करणारीही हीच. मी हिला घरी जायला सांगितलंय. निष्काळजीपणाची हद्द झाली!”

“सांगितलं नाही,” बाहेरच्या बाकावरून एक बाई म्हणाली. तिच्या मांडीवर सातेक वर्षांची मुलगी होती. एक पाय खरा, चड्डीची दुसरी बाजू दुमडून पिन लावलेली. “ओरडलात. आमच्या सगळ्यांसमोर. माझी पोर रडायला लागली.”

ताईनं व्यवस्थापकांकडे पाहिलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आवाज मात्र अचानक खाली आला. चिऊला ठाऊक होतं, ताईचा आवाज खाली आला की समोरच्यानं घाबरायचं.

“ही डिस्क रिकामी नाही,” ताई म्हणाली. “आणि माझ्या बहिणीनं काही केलेलं नाही. केलंय दुसऱ्याच कुणीतरी. ते कोण, हे कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

२

ताईनं कॉम्प्युटरचं झाकण उघडलं.

मशीन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. त्यांनी कॉम्प्युटरही स्वतःच्या डोक्यानं बनवला होता. बाजारातल्या कुठल्याही कॉम्प्युटरशी त्याचं गोत्र जुळत नव्हतं. डिस्क थेट बोर्डाला जोडलेली नव्हती. मध्ये एक कंट्रोलर होता आणि तो मजकूर स्वतःच्या क्रमानं, उलटासुलटा करून डिस्कवर लिहायचा. म्हणून ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, की त्याला त्यातलं काहीच ओळखू यायचं नाही. त्याच्या लेखी ती कोरी.

“म्हणजे मी चुकलो?” दुकानदारानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता.

“तू चुकला नाहीस. तुला माहीत नव्हतं. माहीत नसताना फॉरमॅट करायला निघालास, ती चूक.”

तिनं डिस्क जागेवर लावली, वीज दिली आणि कान लावला. डिस्क फिरत होती. कंट्रोलरवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. केबल बदलून पाहिली, कंट्रोलर काढून पुन्हा बसवला. डिस्क आणि कंट्रोलर, दोन्ही ठणठणीत. तरीही पडद्यावर तेच एक वाक्य उमटलं: डिस्क सापडत नाही.

“ताई, चहा घे,” मागून आवाज आला.

चिऊचा नवरा. लग्नात सगळे त्याला जावईबापू म्हणून चिडवायचे, त्यातलं बापू तेवढं उरलं. तो याच कारखान्यात फिटर होता. तयार झालेल्या पायांना सांधे आणि पट्टे बसवायचा. शांत, हसतमुख माणूस. आईच्या आजारपणात रात्र रात्र उशाशी बसला होता तो. ताईला स्वतःचा भाऊ नव्हता. ती जागा बापूनं कधी घेतली, हे कुणाला कळलंही नव्हतं.

“घाबरू नकोस गं,” तो चिऊला म्हणाला. “घरी बस थोडे दिवस. जुनाट डबा आहे तो. तारीख-वेळ सेट नाही म्हणून स्वतःच बोंबलतो, म्हणजे तब्येत काय असेल त्याची! तुझा काय दोष?”

ताईनं चहाचा घोट घेतला आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं.

आता राहिला होता ड्रायव्हर. कॉम्प्युटर आणि कंट्रोलर यांच्यातला हा दुभाषा. या मशीनचा ड्रायव्हर भलताच हेकट होता. तो कंट्रोलरला एकाच ठरावीक पत्त्यावर शोधायचा. तिथं सापडला नाही, की ‘डिस्क नाही’ म्हणून मोकळा. तो पत्ता बोर्डाच्या सेटिंगमध्ये हातानं घालावा लागायचा. वर्षापूर्वी ताईनंच तो घातला होता आणि कुणी त्यात लुडबुड करू नये म्हणून वर पासवर्डही ठोकला होता.

तिनं सेटिंगचा पडदा उघडला. पासवर्ड मागितलाच गेला नाही. पत्त्याच्या जागी मशीन नवी कोरी आली तेव्हाचा मूळ आकडा होता. वरच्या कोपऱ्यात तारीख होती एक जानेवारी, मशीन बनली त्या वर्षाची, आणि वेळ रात्री नऊची.

“सगळं पुसलं गेलंय,” चिऊ तिच्या खांद्यावरून पाहत म्हणाली. “सेल संपला असेल?”

ही सगळी सेटिंग जिवंत ठेवायला बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो. ताईनं तो काढला, मीटर लावला आणि मीटर चिऊसमोर धरला.

सेल नव्यासारखा भरलेला होता.

“चांगला सेल आपोआप विसरत नाही, चिऊ,” ती म्हणाली. “हा कुणीतरी काढला. सगळं पुसलं जाईपर्यंत थांबला. मग परत बसवला, झाकण लावलं आणि निघून गेला.”

३

“ही निव्वळ बहीणमाया आहे,” व्यवस्थापक म्हणाले. ते आपल्या खोलीत टेबलामागे बसले होते. ताई बसायला तयार नव्हती. “सेल काढला असेल तर तोही तिनंच.”

“कधी?”

“शनिवारी. निघताना.”

“सेल काढून बसवला, की पहिल्यांदा मशीन चालू होते तेव्हा तिचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. एक जानेवारी, मध्यरात्र. तिथून पुढे ते नीट चालतं. मी दुपारी बाराला पाहिलं तेव्हा त्यात एक जानेवारीचेच रात्रीचे नऊ वाजले होते. म्हणजे ते सुरू होऊन एकवीस तास झाले होते. उलटं मोजा. सेल निघाल्यावर मशीन पहिल्यांदा चालू झाली ती काल, रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला. चिऊनं आज सकाळी ती पहिल्यांदा चालू केली असती, तर घड्याळात पहाटसुद्धा उजाडली नसती.”

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं.

“काल चिऊ दिवसभर माझ्याबरोबर होती,” ताई पुढे म्हणाली. “आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशननंतरची पट्टी काढायची होती. आमच्यावर विश्वास नसेल तर दवाखान्यात विचारा. आता मला सांगा, कारखान्याच्या किल्ल्या कुणाकडे असतात?”

“माझ्याकडे. आणि फिटरकडे, तो सकाळी लवकर उघडतो म्हणून.” ते थांबले. मग नाइलाजानं म्हणाले, “काल मी आलो होतो. नव्या मशीनचा विक्रेता बरोबर होता. खोली मोजायची होती त्याला.”

“नवी मशीन?” ताईचा आवाज पुन्हा चढला. “जुनी चालू असताना नवी मिळत नाही, म्हणून जुनीचा गळा दाबलात? आणि आळ एका बाईवर? चोर सोडून संन्याशाला फाशी?”

“अहो, बाई!” व्यवस्थापकही उठले. “आम्ही जेवायच्या आधी निघालो. आणि ही डिस्क मरून माझंच वाटोळं झालंय! विचारा त्याला!”

त्यांनी फोन लावून ताईच्या हातात कोंबला. विक्रेता तिच्याहून जास्त भडकलेला निघाला.

“मी कशाला मोडू?” तो ओरडला. “जुनी मापं नव्या मशीनमध्ये जशीच्या तशी आली, तरच तुमच्या कारखान्याचे विश्वस्त नवी मशीन घेणार आहेत. उद्या कॉपी करायची ठरली होती. ती डिस्क गेली तर माझी मशीन कोण घेणार? आणि दुपारी तीनला मी गाडीत होतो, तुमच्या साहेबांनीच बसवून दिलं!”

ताईनं फोन ठेवला. तिला स्वतःचाच राग आला. साप साप म्हणून ती भुई धोपटत होती. ज्या दोघांवर तिचा संशय होता, त्या दोघांनाच डिस्क जिवंत हवी होती.

“मग चिऊवर इतके का उखडलात?” तिनं विचारलं.

व्यवस्थापक खुर्चीत बसले. एकदम थकलेले दिसले.

“कारण मीच तिच्यासाठी भांडलो होतो. नवी मशीन शिकायला सहा महिने बाहेरगावी जायचं आणि परत आल्यावर अख्खा विभाग सांभाळायचा. सगळे तिच्या हाताखाली. शनिवारी तिनं होकार दिला आणि सोमवारी डिस्क कोरी! वाटलं, हिनं माझं नाक कापलं. तुम्हाला माहीत नव्हतं?”

ताईला माहीत नव्हतं. सख्ख्या बहिणीला नाही. मग कुणाला होतं?

४

चिऊ नळावर प्लॅस्टरचे हात धूत होती. काम बंद असूनही तिनं त्या छोट्या मुलीच्या पायाचा जुना साचा काढून पुसून ठेवला होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“काल सांगणारच होते. पण आईची पट्टी निघाली, ती सगळ्यांचे चेहरे बघत बसली, म्हटलं आजचा दिवस तिचा.” चिऊ म्हणाली. “आणि घरी एकदाच विषय काढला होता. शनिवारी रात्री. बापूला.”

“काय म्हणाला?”

“काहीच नाही. ताट सारलं आणि उठला. काल आपण आईकडे जायला निघालो तेव्हा मित्राकडे जातो म्हणाला.”

ताईच्या मनात काहीतरी उलगडत होतं आणि ते उलगडू नये असं तिला वाटत होतं. आईच्या घरचं जेवणाचं टेबल आठवलं. मशीनचा विषय निघाला की ताई थांबायची नाही. ‘नाण्याएवढा सेल आहे बघा. तो काढला की ही बया स्वतःची डिस्कच विसरते!’ सगळे हसले होते. टेबलाशी होते चौघं. ती, चिऊ, आई. आणि बापू.

‘कुणालाही माहीत असू शकतं,’ तिनं स्वतःला बजावलं. ‘माणसावर उगाच आळ घेऊ नये. आज सकाळी तेच झालंय इथं.’

मग तिला चहाचा कप आठवला आणि तो देताना बापू जे बोलला होता ते.

“चिऊ, नीट आठव. सकाळी तू मशीन चालू केलीस. पडद्यावर काय आलं?”

“डिस्क सापडत नाही.”

“त्याच्या आधी? तारखेबद्दल काही? वेळेबद्दल?”

“नाही. तेवढंच.”

ताई बाहेर गेली. दुकानदार अजून घुटमळत होता. तिनं त्याला तेच विचारलं. मग व्यवस्थापकांना. तिघांचं उत्तर एकच: तारखेबद्दल पडद्यावर काहीही आलं नव्हतं.

येणारच नव्हतं. सेल काढल्यावर मशीन पहिल्यांदा सुरू होते, तेव्हा फक्त एकदाच ती सांगते, की तारीख-वेळ सेट नाही, पुढे जायला बटण दाबा. बटण दाबलं की ती तक्रार संपली. नंतर कितीही वेळा चालू करा, ती पुन्हा दिसत नाही.

ते वाक्य या जगात एकाच माणसानं वाचलं होतं. काल दुपारी, सगळं पुसलं गेलं का हे बघायला मशीन चालू करून, या खोलीत एकट्यानं उभं राहून.

५

पट्टे शिवायच्या खोलीत चामड्याचा वास होता. बापू एका गुडघ्याच्या सांध्यात तेल सोडत होता. ताईनं दार लावून घेतलं.

“मशीननं तारीख-वेळ सेट नाही म्हणून सांगितलं, हे तुला कुणी सांगितलं?”

“पडद्यावर होतं की.”

“आज नव्हतं.”

बापूच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली. तेल सांध्यावरून ओघळून टेबलावर पसरू लागलं. त्यानं ते पुसलं नाही.

“बोल,” ताई म्हणाली. “खोटं बोलायच्या आधी एवढं लक्षात ठेव, मी तुला भाऊ मानते. मानत होते.”

“ताई, नुकसान काहीच होणार नव्हतं,” तो घाईघाईनं म्हणाला. “मला माहीत होतं, तू येशील आणि नीट करशील. चार दिवस मशीन बंद राहिली असती. साहेब चिडले असते, तिचं जाणं रद्द झालं असतं. मग तू आकडा घातला असतास आणि सगळं होतं तसं.”

“आणि तिची अब्रू? ती कुठल्या आकड्यानं परत आली असती?”

“आणि माझी अब्रू?” बापूचा शांत चेहरा पहिल्यांदाच फाटला. “मी आधीपासून आहे इथं! तिला हे काम मी लावून दिलं. पट्टा कसा धरायचा इथपासून शिकवलं. आणि उद्या तिनं मला सांगायचं, हे कर, ते कर? कानामागून आली आणि तिखट झाली! पोरं हसतील माझ्यावर.”

ताईनं टेबलावर हात आपटला. सांधा उडून खाली पडला.

“तो दुकानदार बटण दाबत होता! मी जिना चढताना दम खायला थांबले असते ना, तर सगळं पुसलं गेलं असतं. ती पोर बाहेर बसलीय, तिचं माप घ्यायला तिला पुन्हा प्लॅस्टरमध्ये घालावं लागलं असतं. मागच्या वेळी कशी किंचाळली होती ते तूच मला सांगितलं होतंस. तेव्हा डोळ्यांत पाणी होतं तुझ्या! आणि आज सकाळी तुझ्या बायकोला सगळ्यांसमोर बोलत होते, तेव्हा तू कुठं होतास?”

बापू खाली बघत होता. “इथंच.”

“मूग गिळून.”

“हो.”

दार उघडलं. चिऊ उभी होती. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

बापू पुढे झाला. “चिऊ, ऐक—”

“आधी मशीन,” चिऊ म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. “ताई, आकडा सांग. मी घालते.”

दोघी कॉम्प्युटरपाशी गेल्या. ताईनं पत्ता सांगितला, चिऊनं तो घातला, तारीख लावली आणि मशीन पुन्हा सुरू केली. दुकानदार, व्यवस्थापक, बाकावरची बाई, सगळे दाराशी गोळा झाले होते. ड्रायव्हरनं कंट्रोलरच्या दारावर टकटक केली. दिवा लुकलुकला, थांबला. मग सलग पेटला.

पडद्यावर नावं उमटू लागली. एकाखाली एक, पान भरलं, सरकलं, पुन्हा भरलं. सगळ्यांची मापं जागच्या जागी होती.

व्यवस्थापकांनी घाम पुसला. “मी... मला वाटतं, मी तुमची माफी मागायला हवी. जरा आत येता का, खोलीत बोलू.”

“आत नाही,” चिऊ म्हणाली. “सकाळी आत बोलावलं नव्हतंत.”

व्यवस्थापक बाकाकडे वळले. कसेबसे, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, की या बाईंची काहीही चूक नव्हती आणि आपण फार वाईट बोललो.

“मग चूक कुणाची?” बाकावरच्या बाईनं विचारलं.

ताईच्या जिभेवर नाव आलं होतं. चिऊनं तिचा दंड घट्ट धरला आणि मान वळवली. चामड्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी बापू उभा होता.

“ते ज्यानं केलं, तोच सांगेल ना,” चिऊ म्हणाली. “सगळ्यांसमोर. नाहीतर मी आज घरी येणार नाही. आणि सांगितलं म्हणून येईनच असंही नाही.”

बापू पुढे आला. बाकापर्यंतची ती थोडीशी जागा त्याला फार लांब वाटत होती. त्यानं सांगितलं. मध्ये दोनदा आवाज गेला, पण ताईनं त्याला पाणी दिलं नाही. ऐकताना व्यवस्थापकांचा चेहरा दगडासारखा झाला. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. बापूनं कारखान्याची किल्ली त्यात ठेवली. मग त्यानं चिऊकडे पाहिलं.

“तू जाणार?”

“सहा महिने,” चिऊ म्हणाली. “परत येईन ती इथं. या खोलीत. घराचं मला अजून ठरवायचंय.”

तो जिना उतरून गेला. ताईला त्याच्या मागे धावून आणखी ओरडावंसं वाटत होतं. पण चिऊनं एप्रन बांधला होता आणि कोरणाऱ्या मशीनचं पातं फिरू लागलं होतं. पांढरा भुगा हवेत उडाला.

“चला,” चिऊनं दाराकडे बघत हाक दिली. आवाज किंचित घोगरा होता, पण खणखणीत. “पहिला पाय कुणाचा?”

बाकावरच्या छोटीनं हात वर केला.